डायल कॅलिपर : शतांश मिलिमीटरचा मापक

सुतार आणि गवंडी यांच्या व्यवहारात ‘सूत’ हे माप आजही चालते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडे अधिक. दाराच्या चौकटीला एवढी अचूकता पुरते. लेथवर कातलेल्या शाफ्टला पुरत नाही. तेथे हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. हा शंभरावा भाग एका दृष्टिक्षेपात दाखविणारे उपकरण म्हणजे डायल कॅलिपर. कारखान्यांत त्याला सर्रास ‘डायल व्हर्निअर’ म्हटले जाते. वास्तविक त्यात व्हर्निअर पट्टी नसतेच.

व्हर्निअरपासून तबकडीपर्यंत

मुख्य पट्टीलगत सरकणाऱ्या दुय्यम पट्टीची कल्पना फ्रेंच गणिती पिअर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मांडली. अमेरिकेतील जोसेफ ब्राऊन यांनी १८५१ मध्ये इंचाचा हजारावा भाग वाचता येईल असा व्हर्निअर कॅलिपर तयार केला. मात्र त्यात कोणती रेषा कोणत्या रेषेशी जुळते, हे निरखून पाहावे लागते. मंद उजेडात किंवा पाळीच्या अखेरीस थकलेले डोळे येथे हमखास चुकतात.

डायल कॅलिपरने ही अडचण दूर केली. त्याच्या पट्टीवर बारीक दात्यांची दंतपट्टी बसविलेली असते. जबडा सरकला की तिच्यात अडकलेले लहान दंतचक्र फिरते आणि ती गती वाढवून तबकडीवरील काट्याला दिली जाते. काट्याची एक फेरी एक मिलिमीटरची आणि तबकडीवर शंभर भाग असतील, तर प्रत्येक भाग ०.०१ मि.मी. दर्शवितो. पट्टीवर २४ आणि काटा ८६ वर असेल, तर माप २४.८६ मि.मी. काटा शून्याच्या आसपास असताना मात्र पट्टीवरील आकडा जपून वाचावा. तेथे पूर्ण एका मिलिमीटरची चूक होऊ शकते.

वाचन आणि अचूकता

०.०१ पर्यंत वाचता येते म्हणजे ०.०१ पर्यंत माप खरे असते, हा सर्वांत मोठा गैरसमज होय. चांगल्या प्रतीच्या १५० मि.मी. कॅलिपरमध्येही सुमारे ०.०२ ते ०.०३ मि.मी. त्रुटी ग्राह्य धरली जाते. याउलट, २५ मि.मी. व्यासाच्या शाफ्टला आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या सहाव्या श्रेणीनुसार अवघी ०.०१३ मि.मी. सूट मिळते. म्हणजे उपकरणाची त्रुटीच मिळालेल्या सुटीहून मोठी! अशा वेळी चांगला जॉब नाकारला जातो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, सदोष जॉब पुढे जातो आणि बेअरिंग सैल बसते. तेथे मायक्रोमीटरच हवा. अकराव्या श्रेणीत हीच सूट ०.१३ मि.मी. असते, तेथे डायल कॅलिपर निःशंक वापरावा.

या मर्यादेचे कारण रचनेतच आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये सांगितलेल्या तत्त्वानुसार, मोजायची लांबी आणि मापनपट्टी एकाच रेषेत असावी. मायक्रोमीटरमध्ये ती तशी असते. कॅलिपरमध्ये जॉब जबड्यांत आणि पट्टी बाजूला असते. जोर लावला की सरकता जबडा किंचित कलतो आणि माप कमी दिसते. म्हणून जॉब शक्यतो जबड्यांच्या टोकाशी न धरता पट्टीच्या जवळ धरावा आणि दाब हलका, नेहमी सारखा ठेवावा.

वापरताना घ्यावयाची काळजी

मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले आहे. नुकताच कातलेला पोलादी जॉब कॅलिपरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर १०० मि.मी. लांबीत सुमारे ०.०२३ मि.मी. वाढ दिसते. तो निवू द्यावा. कडेची बर काढून जबडे पुसून घ्यावेत. लहान छिद्रात आतल्या जबड्यांच्या सपाट कडांमुळे व्यास प्रत्यक्षाहून कमी भरतो, हेही ध्यानात ठेवावे.

या उपकरणाचा खरा शत्रू म्हणजे धातूचा चुरा. दंतपट्टीत कण अडकला की दंतचक्र एखादा दाता चुकविते आणि काटा शून्यावर परतत नाही. त्यामुळे मापापूर्वी व मापानंतरही शून्य तपासावे. मात्र शून्य बरोबर असणे पुरेसे नाही. ठरावीक काळाने निरनिराळ्या लांबीच्या स्लिप गेजवर संपूर्ण पट्टीची पडताळणी करावी लागते.

आता डिजिटल कॅलिपर सर्वत्र मिळतात आणि थेट आकडा दाखवितात. डायल कॅलिपरला बॅटरी लागत नाही, आणि मापाचा कल कोणत्या बाजूला आहे, हे काट्याच्या हालचालीवरून चटकन कळते. उपकरण कोणतेही असो, ड्रॉइंगवरील सूट आधी पाहावी आणि मगच हातात काय घ्यायचे ते ठरवावे.