दारूमुक्ती : दवाखाना आणि वस्ती

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला दवाखान्यात ठेवावे की वस्तीतच सावरावे, हा प्रश्न वैद्यकाचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो मजुरीचा आणि जातीचाही आहे.

महात्मा फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. लाखोंनी ती एकत्र उच्चारली. समूहाच्या बळावर व्यसन सोडण्याची वाट आपल्याला अशी मिळाली.

परंतु प्रतिज्ञेने मन बांधले जाते. वर्षानुवर्षे दारूवर चाललेले शरीर तेवढ्याने सावरत नाही. दारू एकाएकी बंद झाली की हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. तेव्हा डॉक्टर हवाच. वाद आहे तो पुढच्या काळाचा.

लंडनच्या ग्रिफिथ एडवर्ड्स आणि गथ्री यांनी १९६७ मध्ये ४० पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. दवाखान्यात ठेवलेल्यांत आणि घरी राहून उपचार घेणाऱ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, ते दाखल करून घेऊन उपचार करणारे. १९८९ पासून चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने तमिळनाडूतील मंजक्कुडी गावी १५ दिवसांची शिबिरे भरवली. औषधे, समुपदेशन, घरच्यांचा सहभाग, सारे गावातच. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांची चाचणी झाली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांनी अपायकारक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. मात्र दारूवर पुरते अवलंबून झालेले या चाचणीत नव्हते.

हा भेद विसरला की घात होतो. रोज बुडाला की ज्याची चूल विझते, त्या मजुराला उपचार वस्तीजवळच मिळाले पाहिजेत. ज्याला झटके येतात, त्याला सरकारी दवाखान्यात खाट मिळाली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. 'समाज सांभाळील' असे म्हणून शासनाने अंग काढून घेऊ नये. कारण ज्या गावाचा समाज गावकुसापाशीच संपतो, तेथे आपल्या माणसाला सांभाळणारा समाज कोणता?