कायद्यात न लिहिलेला रंग

१९३३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचं उभं पीक नांगरून टाकलं गेलं. मंदीने भाव कोसळले होते. लागवड कमी करायला सरकारच पैसे देत होतं. पण ते मिळत जमीनमालकाला. बटाईने कसणाऱ्या कुळांपर्यंत त्यातलं फारसं पोचलं नाही. पेरा घटला तशी अनेक कुळं, विशेषतः कृष्णवर्णीय, हुसकली गेली. १९३४ मध्ये आर्कान्सॉमधल्या टायरॉन्झा इथे काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र संघटना काढली.

शहरातही हाल होतेच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कृष्णवर्णीय बायका सकाळी नाक्यावर उभ्या राहत आणि तासाच्या बोलीवर घरकामाला जात. एला बेकर आणि मार्व्हल कुक यांनी १९३५ मध्ये ‘द क्रायसिस’ मासिकात या बाजाराबद्दल लिहिलं.

त्याच वर्षी सोशल सिक्युरिटी कायदा आला: म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. त्यात वंशाच्या आधारे कुणालाही वगळलं नव्हतं. वगळलेल्यांत होते शेतमजूर आणि घरकामगार. त्यात गोरेही लाखोंनी होते, पण कृष्णवर्णीय कामगारांपैकी निम्म्याहून अधिक त्या एका अटीत गळले. हे दक्षिणेच्या दबावामुळे झालं की अशा कामगारांकडून कर गोळा करणं अवघड होतं म्हणून, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

मी रोज कोडमध्ये अशा अटी लिहितो. वाचताना त्या निरुपद्रवी वाटतात. कोण गळलं हे यादी काढल्यावरच कळतं. नियमित काम असलेले शेतमजूर आणि घरकामगार पेन्शनमध्ये आले ते १९५० च्या दुरुस्तीने. नाक्यावरच्या बाईची मधली पंधरा वर्षं कुठल्याच खात्यात जमा झाली नाहीत.