माळेचे दुसरे टोक

आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत प्रत्येकीने आपल्या आवडीचा एखादा विषय घेऊन लिहावे, असे सभेत ठरले. कुणी पाककृती घेतल्या, कुणी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, कुणी अष्टविनायकाच्या सहलीची हकिगत घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "मी रोषणाईच्या वायरीवर लिहीन." सगळ्याजणी हसल्या. वायरीवर काय लिहायचे? आणि तेही सातवी शिकलेल्या बाईने! पण अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुकाट्याने माझे नाव लिहून घेतले, कारण २००९ सालच्या धनत्रयोदशीला त्या आमच्या गॅलरीत हजर होत्या.

ती हकिगत आधी सांगते, म्हणजे हा नाद मला का लागला ते कळेल. त्या वर्षी मी नव्या तऱ्हेच्या माळा आणल्या होत्या. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला भोके. एकीच्या भोकांत दुसरीची पिन घालायची, की माळ वाढत जाते. संध्याकाळची गडबड, चकल्यांचा घाणा अर्धा राहिलेला. मी घाईघाईने कठड्याला माळा बांधून टाकल्या. सगळे बांधून झाल्यावर लक्षात आले, की माळ उलटी लागली! भोकांचे टोक आमच्या दाराशी आणि पिनेचे टोक पार गॅलरीच्या शेवटी, जिन्यापाशी. सोडून पुन्हा बांधायची म्हणजे तासाची निश्चिती. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, थांबा, सोडू नका." त्यांनी हातभर वायर घेतली, तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या, एक पिन भिंतीच्या सॉकेटात, दुसरी माळेच्या भोकांत. बटण दाबले आणि गॅलरी झगमगली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच जिन्यापाशी किंकाळी ऐकू आली. माळेची पलीकडची पिन तिथे उघडी लोंबत होती, आणि आता तिच्यात वीज खेळत होती. भाऊजींच्याच सहा वर्षांच्या मुलाने ती हातात धरली होती. धक्क्याने तो मागे फेकला गेला, म्हणून वाचला. दोन बोटे भाजली. तीन दिवस दवाखान्यात काढले. ती दिवाळी कशी गेली ते मी लिहीत नाही. भाऊजींना कुणी बोलले नाही; बोलणार तरी कोण? माळ उलटी मीच बांधली होती.

आमच्या चाळीतले म्हातारे वायरमनकाका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी ती दोन पिनांची वायर पकडीने मधोमध कापली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "वहिनी, दिवे लागले म्हणजे काम बरोबर झाले, असे नसते." ते दोन तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत.

पुढे थोरली मुलगी विजेच्या डिप्लोमाला गेली. तिच्या मागे लागून मी या माळांचा इतिहास वाचून घेतला आणि वहीत टिपून ठेवला. त्यातलेच आता थोडे सांगते.

विजेच्या माळेचे माहेर अमेरिका. तिकडे नाताळात घरात सूचिपर्णी झाड उभे करून त्यावर मेणबत्त्या लावायची चाल होती. सुकलेले झाड आणि उघडी ज्योत! शेजारी पाण्याची बादली ठेवूनच मेणबत्त्या लावीत, आणि तरीही घरे जळत. एडिसनने १८७९ सालच्या ३१ डिसेंबरला मेन्लो पार्क या गावी आपला विजेचा दिवा लोकांना दाखवला. पुढे ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचे वीजघर सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळचे झाड विजेने उजळले. लाल, पांढरे आणि निळे, अक्रोडाएवढे ऐंशी दिवे. आणि झाड विजेच्याच जोरावर गरगर फिरत होते.

सगळ्यांनी दिव्यांचे कौतुक केले. मला मात्र त्या ऐंशी दिव्यांच्या तारा दिसतात. त्या काळी तयार माळ मिळत नव्हती. प्रत्येक दिव्याला हाताने तार जोडायची, प्रत्येक सांधा गुंडाळायचा. म्हणजे घरी वायरमन बोलावल्याशिवाय नाताळ उजळायचा नाही, आणि तो खर्च धनिकांनाच परवडे. वीस वर्षे हे असेच चालले. दिवा होता, वीज होती. पण सामान्य घरापर्यंत रोषणाई पोचली नव्हती. अडले होते ते वायरीपाशी.

ही अडचण १९०३ साली सुटू लागली. दिव्यांची भोके आधीच तारेत बसवलेली तयार माळ जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकायला काढली. चोवीस दिव्यांच्या माळेला बारा डॉलर, म्हणजे तिथल्या साध्या माणसाची आठवड्याची कमाई. कंपनीने या माळेचा मक्ता मिळावा म्हणून पेटंट मागितले. ते नाकारण्यात आले. कारण काय? तर ही माळ बनवण्यात असे काहीच नाही, जे कोणत्याही साध्या वायरमनला ठाऊक नसते! हे वाचून मला फार आनंद झाला. त्या नकारामुळे दुसऱ्या कारखानदारांना वाट मोकळी झाली आणि पुढे माळा स्वस्त होत गेल्या.

दुसरी अडचण भिंतीची. त्या काळच्या घरांत भिंतीला सॉकेट नसे. दिव्याचा बल्ब काढून त्याच्या जागी वायर फिरवून बसवावी लागे. मला हे नवल वाटले नाही; माझ्या लहानपणी आमच्या चाळीतही इस्त्री बल्बच्या होल्डरमधूनच चाले, आणि इस्त्री करायची म्हणजे खोलीत अंधार. हार्वे हबेल नावाच्या अमेरिकन कारागिराला १९०४ साली ओढून काढता येणाऱ्या पिनेचे पेटंट मिळाले. तेव्हापासून पिन आणि भोके ही जोडी घरोघरी रुळली. आणि त्या जोडीबरोबर एक नियमही आला. वीज देणाऱ्या टोकाला नेहमी भोके, वीज घेणाऱ्या टोकाला पिना. भोकांतली वीज आत झाकलेली असते. पिना उघड्या असतात, म्हणून त्यांत आपणहून वीज असताच कामा नये. एवढा एक नियम आम्हाला २००९ साली ठाऊक असता, तर त्या पोराची बोटे भाजली नसती.

तरी या पहिल्या माळा काही निर्धोक नव्हत्या. बहुतेक माळांत आठ दिवे एकामागे एक जोडलेले असत. तिकडे घरात साधारण १२० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक दिव्याच्या वाट्याला १५. एक दिवा गेला की आठही अंधारात, आणि मग एकेक काढून गेलेला दिवा शोधायचा. हे दुःख आपल्यालाही चांगले माहीत आहे. तारांवर रबर आणि त्यावर सुती वेष्टण. उन्हापावसाने ते झिजे. अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही वस्तूंची सुरक्षितता तपासणारी संस्था तिथे १८९४ साली निघाली होती. तिने १९२१ साली नाताळच्या माळांसाठी पहिले नियम ठरवले. त्याच दशकात माळेला माळ जोडता येईल असे टोकही आले. १९२३ च्या नाताळात अध्यक्ष कूलिज यांनी वॉशिंग्टनला एक बटण दाबले आणि अडीच हजार दिव्यांचे झाड उजळले. ऐंशीवरून अडीच हजार! अवघ्या एकेचाळीस वर्षांत.

आता आपल्या मुंबईकडे वळते. जॉन्सनचे झाड उजळले त्याच १८८२ साली मुंबईतही पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. कुठे, तर क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत. पण दिवे लावणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा विजेची रोषणाई कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ट्रामवाल्या बी.ई.एस.टी. कंपनीचे वाडीबंदरचे वीजघर १९०५ साली सुरू झाले, आणि १९१५ साली टाटांची वीज खोपोलीहून गिरण्यांना मिळू लागली. आज मंडईच्या शेजारी लोहार चाळीत जाऊन पाहा. गणपती-दिवाळीच्या आधी तिथे माळांतून वाट काढावी लागते. जिथे मुंबईत पहिला विजेचा दिवा लागला, त्याच्याच शेजारी आपण सगळ्याजणी माळा घ्यायला जातो!

असो. इतिहास वाचून मला एक गोष्ट उमगली. दिव्याचे नाव होते, पण घरापर्यंत रोषणाई आणते ती वायर. आणि वायरीचे काम घाईचे नव्हे. मग वायरमनकाकांना मी विचारले, "आम्ही बायका हे शिकू शकू का?" ते म्हणाले, "पापडाची लाटी तोलून घेता, चोळीचे माप चुकत नाही. मग वायर का चुकेल?" अशा रीतीने २०१० सालापासून आपल्या मंडळाच्या वायरी आपल्या हातच्या झाल्या.

आम्ही पहिली गोष्ट केली ती माप घेण्याची. पूर्वी बारा फुटांच्या कामाला पन्नास फुटांची वायर आणीत आणि उरलेल्या वायरीचे वेटोळे कोपऱ्यात पडे. गुंडाळलेल्या वायरीतून जास्त वीज गेली तर तिची ऊब बाहेर जात नाही आणि ती तापते. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात अडकते ते वेगळेच. लांबी कमी पडली, की दुसरा तुकडा जोडून वर काळी टेप. भाद्रपदातल्या पावसात त्या टेपचा काय भरवसा? अमेरिकेतही हौशी लोक आता चपट्या हिरव्या वायरीचे रीळ आणतात, दारापासून झाडापर्यंत मोजून हवी तेवढी तोडतात आणि टोकांना दाबून बसणारी पिन व सॉकेट लावतात. सोलण्याचेही काम नाही. त्यांची मोजून तोडण्याची रीत आम्ही घेतली, वायर मात्र घेतली नाही. ती दोनच तारांची असते, अर्थिंग नसते. आणि आपल्याकडे वीज २३० व्होल्टची.

आमची वायर तीन तारांची, जाडी एक चौरस मिलिमीटर, आय.एस.आय. खुणेची. फीत धरून माप घ्यायचे, वळणासाठी वर दोन फूट ठेवायचे, मग तोडायचे. टोके सोलताना आतली एकही बारीक तार तुटता कामा नये. तारा पिळून स्क्रूखाली घट्ट बसवायच्या. लाल किंवा तपकिरी तार फेजला, काळी किंवा निळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगच्या मोठ्या पिनेला. हिरवी तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवायची. वायर ओढली गेलीच तर ती सगळ्यांत शेवटी सुटावी. बाहेरचे वेष्टण टॉपच्या आतल्या पट्टीखाली आवळायचे, म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. एका टोकाला थ्री-पिन टॉप, दुसऱ्या टोकाला सॉकेट. दोन्ही टोकांना पिना कधीही नाहीत. माळ उलटी लागली तर निमूट सोडून पुन्हा बांधायची. वायर झाली, की वायरमनकाका ती तपासत. आता त्यांचा मुलगा तपासतो. त्याने पास केल्याशिवाय ती भिंतीला लागत नाही.

हिशेबही शिकलो. पूर्वी कमानीला पंधरा वॉटचे शंभर बल्ब लावीत. झाले दीड हजार वॉट. २३० ने भागले, की साडेसहा अँपिअर. आणि घरातले साधे सॉकेट सहा अँपिअरचे! फ्यूज उडायचा तो उगाच नव्हे. आता एल.ई.डी.च्या माळांनी हा भार पुष्कळ हलका केला आहे, म्हणून हिशेब विसरायचा असे मात्र नाही.

प्रत्येक वायरीला आम्ही कापडाची चिठ्ठी शिवली आहे. 'जिना ते कमान, २४ फूट'. 'दार ते तुळस, ११ फूट'. उत्सव संपला, की वायरी पुसून, सैल गुंडाळून मंडळाच्या ट्रंकेत ठेवायच्या. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे असते.

तो पुतण्या आता कॉलेजात जातो. त्याच्या दोन बोटांच्या टोकांवर अजून पांढरा वण आहे. गेली काही वर्षे दिवाळीच्या माळा तोच बांधतो. बांधण्याआधी माळेची दोन्ही टोके हातात धरून मला हाक मारतो, "काकू, बघून घे गं." मी चकलीचा सोऱ्या खाली ठेवते, बाहेर जाते आणि भोकांचे टोक कुठे, पिनेचे टोक कुठे ते पाहते. मी मान हलवल्याशिवाय तो बटण दाबत नाही.

भगिनींनो, येत्या गणपतीच्या आधीच्या रविवारी ट्रंक उघडायची आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दुपारच्या चहानंतर यावे. मापाची फीत आणि पकड माझ्याकडे आहे.