कळफलक, मराठी

मराठी मजकूर उमटविण्यासाठी टंकलेखन यंत्रावर अथवा संगणकावर केलेली कळींची मांडणी. अक्षर कोणत्या बोटाखाली येते व शब्दास किती ठोके लागतात, यांवर लेखनाचा वेग अवलंबून असतो. तथापि मांडणीची पसंती बहुधा पूर्वसवयीने ठरते. मराठी कळफलकाच्या इतिहासात हा विरोध स्पष्ट दिसतो.

देवनागरी टंकलेखन यंत्राने इंग्रजी यंत्राचाच सांगाडा स्वीकारला. एका कळीवर दोनच चिन्हे बसत असल्याने अक्षरांचे तुकडे पाडावे लागले. काही अक्षरे अर्धे रूप व काना अशा दोन ठोक्यांत पूर्ण होत. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे येत असल्याने ती व्यंजनाआधी उमटवावी लागे. ‘रेमिंग्टन’ या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी शिकण्यास किचकट होती. परंतु लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटास ३० शब्दांचा वेग आवश्यक मानला गेल्याने अनेकांची उपजीविका तिच्याशी निगडित झाली.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी प्रमाणित केली. १९९१ च्या भारतीय मानकात (आयएस १३१९४) तिचा समावेश झाला. तीत स्वर डाव्या व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असून अक्षरे उच्चारक्रमाने उमटवितात. क, ग, त, द यांच्याच कळी ‘शिफ्ट’सह दाबल्यास ख, घ, थ, ध मिळतात. ब्राह्मीपासून उद्‌भवलेल्या इतर भारतीय लिप्यांसही हीच मांडणी चालते. नवशिक्यास ती तर्कशुद्ध वाटली, तरी मुरलेल्या टंकलेखकाचा वेग तीवर प्रारंभी घटणे अटळ होते. त्यामुळे कार्यालयांत जुनी मांडणी टिकून राहिली. अमेरिकेतही ऑगस्ट ड्वोरॅक यांची १९३६ मध्ये एकस्वप्राप्त झालेली मांडणी प्रचलित ‘क्वर्टी’ मांडणीस हटवू शकली नाही.

संगणकावरील जुन्या मराठी टंकांत मजकूर टंकाच्या स्वतंत्र संकेतांत साठविला जाई. तो टंक नसलेल्या संगणकावर लेखन अवाच्य ठरे. युनिकोड संकेतप्रणालीच्या (१९९१) प्रसाराने ही अडचण दूर झाली. मांडणी कोणतीही असली, तरी साठविलेले अक्षर तेच राहते. परिणामी मांडणीची निवड वापरणाऱ्याच्या पसंतीवर सोडणे शक्य झाले. मांडण्यांच्या वेगाची तुलना करताना मात्र प्रत्येकीच्या सरावाचा काळ समान धरणे आवश्यक ठरते. अन्यथा मोजला जातो तो मांडणीचा गुण नसून हाताची सवय होय.