स्फोटकांचे वनस्पतींद्वारे शुद्धीकरण
दारूगोळ्याचे कारखाने व चांदमारीची मैदाने यांतील माती आणि पाण्यात मिसळलेली स्फोटके वनस्पतींच्या साहाय्याने काढून टाकण्याची पद्धत. टीएनटी हे स्फोटक मातीला घट्ट चिकटते. वनस्पतींनी ते शोषले तरी बहुतांशी मुळांतच अडकून त्यांना विषारी ठरते. याउलट आरडीएक्स हे स्फोटक सहज झिरपून भूजलात उतरते व मुळांवाटे पानांत साठते. तेथे त्याचे विघटन संथ होत असल्याने पानगळीबरोबर ते पुन्हा मातीत येऊ शकते. यावर उपाय म्हणून इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ऱ्होडोकॉकस जीवाणूतील एक्सपीएलए जनुक वनस्पतींत घातले. त्यापासून बनणारे एंझाइम आरडीएक्सचे विघटन करते. अशा स्विचग्रास गवताची अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फोर्ट ड्रम या लष्करी तळावर यशस्वी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.