मागच्या रंगाची कुळकथा

चित्रावरून एक पारदर्शक पट्टी सरकते आणि ती जिथे जाईल तिथली लाल फुले मोरपंखी दिसू लागतात. वेबपेजवर ही करामत आज सीएसएसच्या एका ओळीत होते: ‘बॅकड्रॉप-फिल्टर’, त्यापुढे ‘ह्यू-रोटेट’ आणि अंश. ही ओळ सगळ्या ब्राउझरांत रुळायला मात्र दोन दशके लागली.

रंग फिरवण्याचे गणित लवकर सुटले होते. सिलिकॉन ग्राफिक्समधील पॉल हेबर्ली यांनी १९९३ मध्ये ते नेटके मांडले. लाल, हिरव्या, निळ्याची मूल्ये एका मॅट्रिक्सने गुणायची. करडा जागेवर राहतो, बाकीचे रंग त्याच्याभोवती फिरतात. सप्टेंबर २००१ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने एसव्हीजी या चित्रांच्या स्वरूपाला मान्यता दिली, तेव्हा अशा मॅट्रिक्सचा फिल्टर त्यात होता. त्यातले आकडे ०.२१३, ०.७१५ आणि ०.०७२, म्हणजे तिन्ही रंगांचा उजळपणातला वाटा. सीएसएसने तेच घेतले. म्हणून शुद्ध लाल १८० अंशांनी फिरवला तरी झगझगीत आकाशी मिळत नाही. लाल ०, हिरवा १०९, निळा १०९ असा गडद मोरपंखी मिळतो. पिवळ्याचा फिकट जांभळा होतो. रंग बदलला तरी उजळपणा शक्यतो टिकावा, हा त्यामागचा विचार.

खरी अडचण ‘मागचे’ ठरवण्यात होती. एसव्हीजीत मागचे चित्र फिल्टरला पुरवण्याची सोय होती, पण ते कोणत्या घटकापासून गोळा करायचे हे ‘एनेबल-बॅकग्राउंड’ लिहून सांगावे लागे. ब्राउझरांनी ती फारशी उचलली नाही आणि ती मागे पडली. पुढे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या आणि २०१३ मध्ये आयओएस ७ च्या धूसर काचेने डिझायनरांना भुरळ घातली. २०१५ मध्ये सफारी ९ ने ‘वेबकिट’ उपसर्ग लावून बॅकड्रॉप-फिल्टर आणला, जुलै २०१९ मध्ये क्रोम ७६ ने, जुलै २०२२ मध्ये फायरफॉक्स १०३ ने. सफारीतला उपसर्ग २०२४ मध्ये, १८ व्या आवृत्तीत, गळला.

दरम्यान जुन्या प्रश्नाला उत्तर मिळाले: ‘बॅकड्रॉप रूट’. पट्टी ज्या घटकात आहे त्या बाहेरच्या डब्याची अपारदर्शकता १ पेक्षा कमी असेल किंवा त्यावर फिल्टर असेल, तर आतल्या पट्टीची नजर त्या डब्यापर्यंतच पोचते. तसे नसते, तर मागचे पान दोनदा दिसले असते: एकदा रंग बदलून, एकदा डब्यातून आरपार. पट्टी अचानक निष्प्रभ वाटली, तर आधी तिचे बाहेरचे डबे तपासावेत.

मला या कुळकथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो फसलेला ‘एनेबल-बॅकग्राउंड’. त्याचे उत्तर टिकले नाही, पण प्रश्न अचूक होता. आणि जे ओझे त्याने लिहिणाऱ्यावर टाकले होते, ते आता ब्राउझर स्वतः उचलतो.