घरातली तालीम

गटाची बैठक संपली, हप्त्यांचा हिशोब झाला, वह्या मिटल्या, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, घरीच जिम करायची म्हटली तर काय काय घ्यावं लागतं?" कुणाची शुगर वाढलेली असते, कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणी मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं असतं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य येतं, ते बहुतेक घरातल्या माणसांचं असतं. "तुम्हाला कशाला हवा व्यायाम? दिवसभर कामात होतोच की!"

आज या दोन्ही वाक्यांबद्दल बोलू. पण दुकानात जायच्या आधी जरा इतिहासात जाऊन येऊ. घरी व्यायामाची सोय करणं आपल्याकडे मुळीच नवं नाही. ती सोय कुणासाठी होती, हे मात्र बघण्यासारखं आहे.

आपल्या जुन्या तालमीत काय असायचं, आठवा. लाल मातीचा हौद, मारुतीची तसबीर, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या, एखादा मल्लखांब, उचलायचे दगडी गोटे. बाकी जोर आणि बैठका, त्यांना तर काहीच लागत नाही. कोल्हापुरात पेठोपेठी तालमी उभ्या राहिल्या, शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, आणि त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. पण गावोगावच्या तालमीच्या दारातून बाई आत जात नसे. तिचा संबंध पैलवानासाठी दूध तापवण्याशी आणि बदाम वाटण्याशी.

मग बाईनं व्यायाम केलाच नाही का? केला, पण कुणी आणि कुठं ते ऐका. पेण भागातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि झाशीत राहिले होते. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या लिहून ठेवली आहे. राणीला शरीर कमावण्याची आवड होती, ती पहाटे उठून मल्लखांबावर कसरत करायची आणि मग घोड्यावर बसायची. आपण राणीची तलवार आठवतो, तिचा घोडा आठवतो. तलवार पेलणारा तो हात रोज पहाटे घडत होता, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे हे सगळं तिच्या स्वतःच्या वाड्यात होत होतं. तिला जागा होती, पहाटेचा वेळ तिचा स्वतःचा होता, आणि नको म्हणणारं वर कुणी नव्हतं. राणीला जे मिळालं ते तिच्या दळण-कांडणाच्या बायकांना मिळालं असेल, असं वाटत नाही.

आता मुद्गलाची गोष्ट. इंग्रज फौजेतल्या लोकांनी आपल्याकडचे शिपाई आणि पैलवान जोडी फिरवताना पाहिले. खांद्यात ताकद येते, छाती भरते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो प्रकार विलायतेला नेला आणि नाव ठेवलं 'इंडियन क्लब'. तिथं १८३० च्या दशकात डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकानं आधी पुरुषांसाठी आणि मग खास स्त्रियांसाठी व्यायामाचं पुस्तक काढलं. बायकांसाठी हलकी मुद्गलं आली. म्हणजे बघा, आपल्या तालमीतलं लाकूड सात समुद्रापार जाऊन लंडनच्या दिवाणखान्यात बाईच्या हातात गेलं, आणि इथली बाई मात्र तालमीच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. आज ऑलिंपिकमध्ये तालबद्ध जिम्नॅस्टिक्स नावाचा फक्त स्त्रियांचा खेळ आहे, १९८४ पासून. त्यात मुली हातात दोन छोटी मुद्गलं घेऊन झेलतात आणि फिरवतात. ती त्याच इंडियन क्लबची नात म्हणायची.

पुढं उलटा प्रवास झाला. युजेन सँडो नावाचा पैलवान विलायतेत फार गाजला. घरी बसून व्यायाम करायची उपकरणं, स्प्रिंगचे डंबेल्स, त्यासोबत पुस्तकं, असं सगळं तो विकायचा. आज मोबाइलवर जाहिराती येतात ना, तसलाच तो धंदा. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी तरुण होते. त्यांनी सँडोचं सामान आणि पुस्तकं मागवली आणि जवळजवळ दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. राजाच तो, सामानाला काय कमी! पण पुढं त्यांनी ते सगळं बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले. कारण त्यात सगळं अंग एकदम हलतं, खर्च नाही, आणि घरातल्या सगळ्यांना करता येतं. राणीसाहेब आणि मुलंबाळंही नमस्कार घालू लागली. औंधच्या शाळांत मुलांना आणि मुलींनाही ते शिकवले गेले. १९२८ साली भवानरावांचं इंग्रजी पुस्तक आलं, १९३८ साली लंडनमध्ये ते नव्या रूपात निघालं, आणि त्यात बायकांना व्यायामाला लावण्यावर मोठा भर होता.

हा राजा आपल्याला एक शहाणपण देऊन गेला. महागातलं सामान आणून झाल्यावर त्यानं निवडली ती एक माणूस आडवा होईल एवढी मोकळी जमीन. मैत्रिणींनो, नवशिकीनं सुरुवात तिथूनच करावी.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडं येऊ, "कामात होतोच की." जुनी माणसं जात्याचं उदाहरण देतात. जातं होतं तोवर बायका ठणठणीत होत्या, गिरणी आली आणि दुखणी आली, असं म्हणतात. जात्यावर ताकद लागायची, हे खरंच आहे. पण पहाटे चारला उठून दळणारीला विचारून कुणी दळण ठेवत नव्हतं. आजारी असो, दिवस गेलेले असोत, पीठ लागणारच. व्यायामात आणि कष्टात फरक इथं आहे. पैलवान आज जोर काढतो, उद्या अंगाला विश्रांती देतो, पोटभर खातो, आणि हळूहळू जोर वाढवत नेतो. स्नायू बळकट होतात ते असे, थोडं जास्त ओझं, मग आराम आणि खाणं. आपल्या कामात यातलं काय असतं? पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी, ते रोज त्याच कमरेवर आणि त्याच खांद्यावर. घागर तेवढीच राहते, आपलं वय वाढत जातं.

काम वाया जातं असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटना घरकामातली हालचालही धरते. पण तिच्या २०२० च्या सूचनांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि त्याशिवाय दोन दिवस तरी सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पहिली गोष्ट आपल्यातल्या पुष्कळजणींची शेतात आणि घरात होते. दुसरी राहून जाते. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा ती राहिलेली बाकी अंगावर येते.

म्हणून घरातल्या तालमीचं सामान सांगते, लिहून घ्या. सहा फूट लांब, चार फूट रुंद मोकळी जागा. घसरणार नाही अशी सतरंजी. भिंतीला टेकवलेली न हलणारी खुर्ची. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, पाणी भरलं की एकेक किलो. वजन वाढवायचं झालं की त्यातच वाळू भरायची आणि किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घ्यायची. शाळेची जुनी पाठपिशवी, तिच्यात मोजून धान्य. झालं. साडी पायात येते, तेव्हा ड्रेस घाला किंवा नीट खोचून घ्या.

करायचं काय? खुर्चीवर बसणं-उठणं, ही आपली बैठक. भिंतीला हात लावून पुढं-मागं होणं, हा आपला जोर. बाटल्या खांद्यापासून वर नेणं. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून पिशवी उचलणं. प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, मध्ये दम खाऊन दोन फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस सोडून. बारा वेळा सहज जमायला लागलं की मग थोडं वजन वाढवायचं, आधी नाही. जोडी फिरवायला शिकवणारे वस्तादही हलक्या जोडीपासूनच सुरुवात करून घेत.

एक गोष्ट लाज न बाळगता ऐका. ज्यांचं अंग बाहेर येतं, ज्यांना छातीत दुखतं, बीपी फार वाढतं, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. वजन उचलताना श्वास रोखू नका. आणि पहिल्या सहा महिन्यांत मशीन घेऊ नका. पुष्कळ घरांत त्या मशीनवर शेवटी कपडे वाळतात. हवंच असेल तर गटात मिळून डंबेलची एक जोडी घ्या आणि आठवड्याच्या पाळीनं फिरवा. कर्जाची पाळी आपण लावतोच, तशीच ही.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली २०२३ साली, सांगलीत. मधली बासष्ट वर्षं मुलींचे हात काही कमकुवत नव्हते. माती तीच होती, दार बंद होतं. घरातही तसंच आहे. सतरंजी प्रत्येक घरात आहे, बाटली आहे, भिंत आहे. नसतो तो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात कुणी "चहा ठेव गं" म्हणणार नाही, असं घरात आधी बोलून ठरवावं लागतं. सासूबाईंना सोबत घ्या, मुलीला घ्या, एकटीला जे मागता येत नाही ते तिघींना मागता येतं.

तर पुढच्या बैठकीत "काय घेतलं?" असं मी विचारणार नाही. विचारणार आहे ते एवढंच, की कोणते दोन दिवस ठरवले आणि किती वाजता. वहीत बचतीच्या रकान्याशेजारी तेही लिहू.